एकदाही न पडता

७ जानेवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. पुढे कोणी म्हणायला नको की मी भावनेच्या भरात काहीतरी बोलून गेलो.

सकाळी चहाच्या वेळी हिने जाहीर केलं की खालच्या पार्किंगमधली मोटारसायकल तिच्या भावाला देऊन टाकायची. जाहीर केलं, विचारलं नाही. म्हणे गेल्या वर्षी तुम्ही पडलात ते पडलात, आता पुन्हा नाही.

पडलो हा शब्द मुळात चुकीचा आहे. वळणावर वाळू होती. गाडी आडवी झाली आणि मी तिच्याबरोबर राहिलो. कोपरात प्लेट बसवावी लागली, तिचा माझ्या ड्रायव्हिंगशी काडीचा संबंध नाही.

मी शांतपणे म्हणालो की माझे रिफ्लेक्सेस शाबूत आहेत. ही म्हणाली, कालच तुमच्या हातून बरणी सुटली. बरणी ओली होती.

मग मला कल्पना सुचली. पोरगी नोकरीला परगावी गेली तेव्हा तिचा गेमचा कन्सोल इथेच राहिला. त्यात मोटारसायकल रेसिंगचा एक गेम आहे आणि पोरगी नेहमी म्हणायची की तो अगदी खऱ्यासारखा आहे. पुढचा ब्रेक वेगळा, मागचा वेगळा, टायर थंड असले तर घसरतात, वळणावर अंगसुद्धा कलवावं लागतं. मी तिथल्या तिथे अट घातली. रिअलिस्टिक मोडवर, कसलीही मदत न घेता, हिच्यासमोर आणि मेहुण्यासमोर एक अख्खी रेस. एकदाही न पडता. पडलो तर गाडी मेहुण्याची. नाही पडलो तर गाडी माझी, आणि हा विषय या घरात परत निघणार नाही.

ही म्हणाली, बरं. तारीख ठरली चार फेब्रुवारी. मला आठवडाही पुरला असता, पण म्हटलं असू दे.

८ जानेवारी, सोमवार
कन्सोल चालू कुठून करायचा ते सापडलं.

९ जानेवारी, मंगळवार
गेमने सुरुवातीलाच विचारलं, रायडिंग एड्स हव्यात का? ब्रेकला मदत, तोलाला मदत, गॅसला आणि वळायलाही मदत, असल्या कुबड्या. सगळ्या बंद केल्या. लग्नाच्या आधीपासून गाडी चालवणाऱ्या माणसाला हे विचारणं म्हणजे अपमान आहे.

हिरवा दिवा लागला. मी गॅस दिला. आधी पुढचं चाक वर गेलं, मग गाडी वर गेली, मग मी. बाकीचे स्पर्धक निघून गेले.

कंट्रोलर सदोष असावा.

११ जानेवारी, गुरुवार
पोरीला फोन केला. कंट्रोलर सदोष नाही. ती म्हणाली, बाबा, गॅसचं बटण हळूहळू दाबायचं असतं, दारावरच्या बेलसारखं नाही. मग बराच वेळ हसत होती. म्हणाली, तू एड्स चालू कर. मी तिला आठवण करून दिली की तू रोज माझ्याच मागे बसून शाळेत जायचीस. ती म्हणाली, हो, आणि रोज प्रार्थना संपल्यावर पोचायचे. मुलांना मोठं केलं की हे असं ऐकून घ्यावं लागतं.

१४ जानेवारी, रविवार
पहिल्या वळणाचा अभ्यास. लांबलचक सरळ रस्ता आणि मग उजवीकडे एकदम माघारी फिरल्यासारखं वळण. ब्रेक लावला की पडतो. नाही लावला तर खडीत जाऊन पडतो. बेताने लावला तर मागचे येऊन पाडतात. निष्कर्ष, वळणच चुकीचं आहे. कुठलाही जबाबदार इंजिनिअर असं वळण ठेवणार नाही.

हिने स्वयंपाकघरातून विचारलं की किती वेळा झालं. मी म्हटलं, मी मोजत नाही. ती म्हणाली, मी मोजतेय.

१६ जानेवारी, मंगळवार
दोष सापडला. सोफा.

चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे नंबर काढणारा माणूस मी. अंतराचं महत्त्व मला नाही कळणार तर कोणाला कळणार? सोफा टीव्हीच्या जवळ ओढला. मग लांब नेला. शेवटी सोफ्याच्या हातावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलो, कारण मांड्यांमध्ये टाकी नसेल तर तोल कळत नाही. जॅकेट चढवलं, हेल्मेट चढवलं. हेल्मेटमध्ये चष्मा बसेना म्हणून चष्मा काढून ठेवला. त्याचा फायदाच झाला. वळण दिसलं नाही, त्यामुळे त्याचं दडपणही आलं नाही.

ही वाळलेले कपडे घेऊन चालली होती. थांबली. म्हणाली, सोफ्याचा हात मोडेल. हिला एकूणच हात मोडण्याची फार काळजी.

१९ जानेवारी, शुक्रवार
दुकानात एका गिऱ्हाइकाचा नंबर काढत होतो. त्याच्या नाकावर तपासणीची फ्रेम, माझ्या हातात भिंग, समोर अक्षरांचा बोर्ड आणि माझ्या डोक्यात तिसरं वळण. नकळत डावीकडे कललो. गिऱ्हाइकाला वाटलं हा तपासणीचाच भाग आहे, तोही कलला. तशा अवस्थेत त्याने शेवटची ओळ बिनचूक वाचली. मालक काउंटरवरून बघत होते. म्हणाले, सरळ बसून नंबर काढा, नाहीतर माणसं दुकानातून तिरकी बाहेर पडतील.

मालकांना खेळाची आवड नाही.

२२ जानेवारी, सोमवार
आज एड्स चालू केल्या. सगळ्या. निव्वळ अभ्यास म्हणून. शत्रूकडे काय आहे ते माहीत असावं.

२३ जानेवारी, मंगळवार
प्रगती थक्क करणारी आहे. ब्रेक माझ्या मनात यायच्या आधीच लागत होता. हे शिकवून येत नाही, रक्तात असावं लागतं. एकामागून एक रेस पूर्ण, आणि एकदाही आडवा नाही. हिला मुद्दाम बोलावून दाखवलं. तिने बघितलं आणि म्हणाली, अहो, पण कंट्रोलर तर टीपॉयवर आहे.

चहा घ्यायला क्षणभर ठेवला होता. तेवढ्यात गाडीने दोन वळणं नीट घेतली. वळण लावलं की गाडीलासुद्धा लागतं.

२७ जानेवारी, शनिवार
मेहुणा आला. सहज म्हणे. सहज आलेला माणूस पार्किंगमध्ये कव्हर वर करून टायरची हवा बघत नाही. विचारत होता, दाजी, चोक कुठे असतो? मी सांगितलं नाही. मग सांगितलं, कारण गडी भलत्याच ठिकाणी हात घालत होता.

निघताना हिला म्हणाला, ताई, त्यांचा जीव आहे गाडीत, राहू दे ना. माणूस वाईट नाही, हीच त्याची पंचाईत आहे. ही म्हणाली, त्यांचा जीव त्यांच्यातच राहावा म्हणून चाललंय हे सगळं. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर मी बसले होते, तुझे दाजी आत झोपले होते मजेत. मला परत तिथे बसायचं नाही.

मला ऐकू यावं अशा बेताने म्हणाली. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

३० जानेवारी, मंगळवार
अभ्यास संपला. एड्स बंद. पहिलं वळण. आडवा.

३१ जानेवारी, बुधवार
आडवा.

१ फेब्रुवारी, गुरुवार
पहिलं वळण पार. आनंदाने दोन्ही हात वर केले. कंट्रोलर त्यातल्याच एका हातात होता. आडवा.

२ फेब्रुवारी, शुक्रवार
युरेका. इतके दिवस दुसऱ्यांच्या नादी लागून पळत होतो. पडतं कोण? घाई करणारा. अटीत कुठेही लिहिलेलं नाही की पुढे जायचं. आज कडेकडेने, दबकत, वळण लांबून दिसलं की गॅस सोडून, सगळ्यांना पुढे जाऊ देत रेस केली. पूर्ण केली. पडलो नाही.

विशेष म्हणजे मधेमधे मला निळा झेंडा दाखवतात. बाकी कोणाला दाखवत नाहीत. पंचांना माझी शैली पसंत पडलेली दिसते.

३ फेब्रुवारी, शनिवार
पोरीला निळ्या झेंड्याचा अर्थ विचारला. म्हणाली, पुढचे लोक अख्खी फेरी मारून परत तुझ्या मागे आले, त्यांना वाट दे असं सांगतात.

यावर मतभेद असू शकतात.

४ फेब्रुवारी, रविवार, दुपारी
जिंकलो.

सविस्तर लिहितो. जेवणं उरकून तिघं बसलो. ही खुर्चीत, मेहुणा जमिनीवर, मी सोफ्याच्या हातावर. एड्स बंद आहेत हे मेहुण्याने स्वतः तपासलं. हिरवा दिवा लागला आणि मी निघालो, दबकत. निळा झेंडा आला, वाट दिली. परत आला, परत दिली. ही सुरुवातीला पदर मुठीत धरून बसली होती. दुसऱ्या फेरीला तिने तो सोडला. शेवटच्या फेरीत तर माझ्याबरोबर वळत होती. सगळ्यांच्या मागून रेषा ओलांडली, एकदाही न पडता.

ही म्हणाली, अहो, असं चालवणार असाल तर माझी काही हरकत नाही. राहू दे गाडी. आणि हसली. गाडीच्या विषयावर ती वर्षभरात हसली नव्हती. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी
पुढचंही लिहितो. लपवण्यासारखं काही नाही.

मेहुणा मनापासून टाळ्या वाजवत होता. वाजवता वाजवता म्हणाला, वा दाजी, एवढं सावकाश तर आमचा पोस्टमनसुद्धा सायकल चालवत नाही. कौतुकच करत होता बिचारा. ही पण खो-खो हसायला लागली.

मी म्हटलं, ही वॉर्मअप होती. खरा वेग आता दाखवतो. ही म्हणाली, काही गरज नाही, झालं ना मनासारखं? मी म्हटलं, अट तीच, गाडीसकट. ही म्हणाली, अहो, राहू द्या. मेहुणाही म्हणाला, दाजी, राहू द्या. दोघांनी परत परत सांगितलं, हे मान्य. पण माणसाला काही स्वाभिमान असतो की नाही?

हिरवा दिवा. पूर्ण गॅस. लांब सरळ रस्त्यावर सगळ्यांच्या पुढे होतो. सगळ्यांच्या. हे दोघांनी बघितलं आहे. पहिलं वळण येईपर्यंत या घरात माझ्याइतका वेगवान माणूस झाला नव्हता.

आडवा. मेहुणा म्हणाला, दाजी, आपण पहिलीच रेस धरू. मी म्हटलं, शब्द म्हणजे शब्द. ही उठून आत गेली. जाताना माझ्या कोपराला हात लावून गेली.

११ फेब्रुवारी, रविवार
मेहुणा गाडी न्यायला आला. त्याच्याच्याने सुरू होईना. मी म्हटलं, हो बाजूला. दुसऱ्या किकला सुरू. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

तो म्हणाला, दाजी, कोपऱ्यापर्यंत बरोबर चला, गिअर कसे पडतात ते सांगा. मी पुढे बसायला गेलो. त्याने ताईकडे बघितलं. मी मागे बसलो. हिने स्वतः माझ्या हेल्मेटचा पट्टा लावला आणि घट्ट धरा म्हणाली.

मागची सीट इतकी उंच आहे हे मला ठाऊकच नव्हतं. तिथून पुढचं काही दिसत नाही, फक्त चालवणाऱ्याची पाठ दिसते. आपल्या हातात ना ब्रेक ना काही. इतकी वर्षं ही तिथे कशी बसत होती, देव जाणे.

गेटपाशी त्याने वळण घेतलं. मी त्याचा शर्ट दोन्ही मुठींत धरला. घाबरलो नव्हतो, सूचना म्हणून म्हणालो, हळू. त्याला ऐकू गेलं नाही म्हणून परत म्हणालो, जरा मोठ्याने. त्याने मान मागे वळवली आणि म्हणाला, दाजी, अजून पहिल्याच गिअरमध्ये आहे.