तिसऱ्या रविवारची पुकार

प्रिय फिलिपा,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. तुमच्या जेवणाच्या खोलीत दाराजवळ पाय ठेवायचं जे ठेंगणं स्टूल आहे, त्यानं माझ्या उजव्या नडगीशी उघड वैर धरलं आहे. मी आल्यापासून एक दिवस त्यानं खाडा केलेला नाही. परवा मी त्याला चार बोटं, फक्त चार बोटं, भिंतीकडे सरकवलं, तर तुमची डोरा पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली. म्हणाली, "बाईसाहेब, भलतंच काय करता! ते पायाला लागलं की साहेबांना खुर्ची कळते, हललं तर तोंडावर आपटतील ना!" आणि मग स्वतःच्याच तोंडावर पिठाचा हात ठेवून उभी राहिली. मला तू काहीच सांगून गेली नव्हतीस, फिलिपा. सांगितलं ते स्टुलानं.

त्या दिवसापासून भावाच्या या घरात मी जपून श्वास घेते आहे. डोराला खडसावल्यावर तिनं सगळं ओकलं. शनिवारी तू धडा मोठ्यानं वाचायचीस, तुझे वडील तो पाठ करायचे, आणि रविवारी पहिल्या बाकावरून पान संपलं की तू रुमालात खोकायचीस, म्हणजे ते पान उलटायचे. गाव म्हणायचं, पाद्रीसाहेबांची पोर छातीनं नाजूक. दोन वर्षं तू त्यांचे डोळे झालीस आणि गावानं तुला फक्त जवसाचा काढा पाठवला! बिशपच्या कानावर हे गेलं तर पाद्रीपण जाणार, आणि घर पाद्रीपणाबरोबर मिळालेलं, म्हणून घरही. इकडे तुझ्या मार्टिनला कॅनडात पूल बांधायला बोलावलेलं, जहाज काही त्याच्या प्रेमासाठी धक्क्याला थांबून राहणार नाही. तू त्याला लग्नाला हो म्हणालीस खरी, पण डोरा सांगते की त्या आठवड्यात तू पोळलेल्या मांजरासारखी घरभर फिरत होतीस.

आणि तू पडलीस वीस वर्षांची. आणखी काही महिन्यांनी एकवीस पूर्ण झाली की बापाला विचारायची गरजच उरली नसती. पण आत्ता, लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारतात तेव्हा, बाप उठून नाही म्हणाला की लग्न मोडलं. इथे तर ती पुकार करणाराही बापच. "यांच्या लग्नाला कुणाची हरकत आहे काय?" असं त्यांनी गावाला विचारायचं, आणि हरकत घेऊ शकणारा एकटा माणूस तेच. घरात ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "बघू," एवढंच म्हणाले. एरवी मी त्यावर काहीतरी खोचक बोलले असते. या वेळी मी रविवार मोजायला लागले.

नवरीनं स्वतःची पुकार ऐकली तर तिला मुकी मुलं होतात म्हणे, म्हणून तू लिव्हरपूलला होणाऱ्या नणंदेकडे जाऊन बसलीस. मुकी मुलं झाली तर आयांचं किती भलं होईल, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. पण तू नव्हतीस, म्हणून ते तीन रविवार मला एकटीला काढावे लागले.

पहिल्या रविवारी त्यांनी बायबलातली, माशानं गिळलेल्या योनाची गोष्ट वाचली, म्हणजे म्हटली. तुमची दोघांची नावं पुकारली, प्रश्न विचारला, कुणी शिंकलंसुद्धा नाही. दुसऱ्या रविवारी त्यांनी पुस्तक उघडलं आणि योना पुन्हा माशाच्या पोटात गेला. तोच धडा! शनिवारी नवा वाचून द्यायला कोणी नव्हतं ना. बाहेर पडताना मिसेस पॉक्ली माझ्या कोपराला धरून म्हणाली, "काय हो मिस जोआना, माशाला योना पचला नाही वाटतं अजून?" मी हसले. घरी येऊन दार लावलं आणि टोपीसकट जिन्यावरच बसले. मी त्यांना सरळ विचारायला हवं होतं. पण आपल्याला काही ठाऊक नाही असं मी दाखवत होते आणि आपल्याला दिसतंय असं ते दाखवत होते, आणि जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघं भाजलेल्या मटणाची तारीफ करत होतो. ते खुर्चीपाशी आले की मी डोळे मिटून घ्यायचे.

काल तिसरा रविवार. पहिल्या बाकावर, तुझ्या जागी, एक लांब नाकाचे गृहस्थ बसले होते. योना दोनदा ऐकल्यावर पॉक्लीबाईंनी बिशपकडे पाठवलेलं आमंत्रण पोचलं होतं. बिशपसाहेबांच्या वतीनं गावोगाव तपासणी करणारे आर्चडीकन ते हेच. तुझे वडील आले, हातानं लाकडी कठडा चाचपला आणि या वेळी योना सोडून कधीचा पाठ असलेला लांबलचक धडा सुरू केला. बरोबर म्हटला, एक शब्द चुकला नाही. पण पान उलटलं नाही, फिलिपा! मी खोकले. त्यांना कळलं नाही. माझं खोकणं तुझ्यासारखं नाही. पुन्हा खोकले. चर्चच्या म्हाताऱ्या कारकुनानं, पेगनं, मला खोकल्याची गोळी पुढे केली. आर्चडीकन हळूहळू पुढे वाकत होते, मान लांबवलेल्या बगळ्यासारखे.

मग पुकार आली. तुझं नाव, मार्टिनचं नाव, "ही तिसरी आणि शेवटची वेळ", आणि प्रश्न. प्रश्न विचारून तुझे वडील थांबले. थांबलेच. चर्चमध्ये छपरावरच्या कावळ्यांची नखं ऐकू येत होती. मला वाटलं, आता 'आहे' म्हणणार. तू जवळ राहिलीस तरच हे घर राहणार, आणि त्यासाठी त्यांना एक शब्द पुरेसा होता. त्यांचे ओठ हलले तेव्हा मी हातमोजा दातात धरला होता.

ते म्हणाले, "हरकत नाही. पण एक सांगायचं राहिलं. माझ्यासमोर आत्ता कुठलं पान उघडं आहे, मला माहीत नाही. दोन वर्षं माझी मुलगी वाचत होती आणि तुम्ही मला ऐकत होतात. मला दिसत नाही."

पेगला काही सुचलं नाही, म्हणून तो मोठ्यानं "आमेन" म्हणाला. पॉक्लीबाईंना घेरी आली. कुठल्या बाजूला गादी आहे हे पाहून आली. आर्चडीकन मात्र माणूस निघाला. त्यानं आवाज चढवला नाही. नव्या माणसाची सोय होईपर्यंत मुदत दिली, आणि हिवाळ्याआधी घर रिकामं करावं लागेल, एवढं हळू आवाजात सांगितलं. लिंकन शहरात टोपीवाल्याच्या दुकानावर माझ्या दोन खोल्या आहेत, तिथे आम्ही दोघं मावू. पुढचं मला ठाऊक नाही. मला भीती वाटते, आणि ती मी तुझ्यापासून लपवत नाही. घरी आल्यावर डोरानं चहाचा कप त्यांच्या बोटांशी नेऊन ठेवला. मी विचारलं, "का बोललास? नुसतं 'हरकत नाही' म्हणून उतरायचं होतंस." तर म्हणाले, "मग ती परत आली असती."

फिलिपा, तेव्हा माझ्या खिशात तुझी शनिवारी आलेली चिठ्ठी होती. बुधवारच्या गाडीनं येते, मार्टिनला नकार कळवते, वडिलांना आत्ताच काही कळवू नकोस. मी कळवलं नाही. त्यांना ते न वाचताच माहीत होतं. म्हणून आजच्याच टपालानं हे पाठवते आहे: येऊ नकोस. राखायला आता इथे काही गुपित उरलेलं नाही. सोबत तिन्ही पुकारा झाल्याचा दाखला आहे. तो दिल्याशिवाय तिथला पाद्री तुमचं लग्न लावणार नाही. सही तिरकी खाली घसरली आहे, पण ती तुझ्या वडिलांनी एकट्यानं केली, मी फक्त कागदाची कड त्यांच्या बोटाखाली दिली. ते मला लिहायला सांगत होते की डोळ्यांना पुष्कळ उतार आहे. ते मी लिहीत नाही. तू खरं ऐकून जा, आणि तरीही जा. मी सहा वर्षांची असताना, मुलीला काय करायचंय म्हणून आईनं पुस्तक काढून घेतलं, तेव्हा लँबर्टनं, तुझ्या वडिलांनीच, मला सफरचंदांच्या कोठारात लपून वाचायला शिकवलं होतं. आज न्याहारीनंतर मी त्याला पहिला धडा वाचून दाखवला. त्यानं माझ्या सात चुका काढल्या. उद्या पुढचा.

तुझीच, तुला जहाजावर चढलेली पाहू इच्छिणारी आत्या,
जोआना