डाव्या बाजूचा लाइट

३ मार्च, मंगळवार
लेकीला नववा महिना लागला. डॉक्टरीणबाईंनी २४ तारीख दिली आहे. जावई जहाजावर, म्हणजे हॉस्पिटलपर्यंत नऊ किलोमीटर गाडी मी चालवायची. हे जेवताना सर्वानुमते ठरलं. मला कोणी विचारलं नाही. अर्थात मी तयारच आहे.
जेवण झाल्यावर खाली जाऊन गाडी तपासली. पुढच्या चाकाच्या वर, बाजूच्या पत्र्यावर तो छोटा पिवळा लाइट असतो ना, तो डावीकडचा लागत नाही! वळताना बाजूच्या ट्रकला आपण दिसणारच नाही. ही म्हणाली, "तेवढ्याने काय अडतंय?" बिस्किटांच्या कारखान्यात बावीस वर्षं सेफ्टी ऑफिसर आहे मी. माझ्या विभागात एकही अपघात नाही. (मशीन सुरू करायला मी सहसा परवानगीच देत नाही, असं काही लोक बोलतात.)
लाइट स्वतः बदलणार. व्हिडिओतल्या माणसाला दोन मिनिटं लागली. मला पाच धरू. रविवारी, सकाळी दहा.

६ मार्च
नवीन लाइट आणला. दुकानदाराने गाडीचं साल विचारलं. ठामपणे सांगितलं.

८ मार्च, रविवार
१०.००. बॉनेट उघडलं. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. कारखान्यातून आणलेले रबरी हातमोजे, गॉगल, हेल्मेट घातलं.
१०.४०. अजून वायरकडे बघतोय. घाई करणारेच मरतात.
११.१५. शेजारच्या बाई आल्या. रिटायर्ड हेडमास्तरीण, वय बहात्तर. म्हणाल्या, "बॉम्ब आहे का?" मी त्यांना दहा फूट मागे उभं राहायला सांगितलं.
१२.००. वारा सुटला. वाऱ्यात वायरिंगचं काम करू नये. बॉनेट बंद.
ही वरून बाल्कनीतून सगळं बघत होती. बॉनेट बंद झाल्यावर घड्याळ बघून आत गेली. हेच वाईट.

११ मार्च
आज वायर काढली! ठिणगीबिणगी काही नाही.
मग लाइट. बोटाने पुढे ढकलायचा की मागची कड आपोआप सुटते. ढकलला. सुटेना. स्क्रूड्रायव्हर घातला. 'टक्!' झालं आणि मी एअरबॅग फुटली समजून जमिनीवर आडवा झालो. एअरबॅग नव्हती, क्लिप तुटली होती. आडवं होण्याचा निर्णय मात्र योग्यच.
लाइट हातात आला. वायरचा होल्डर सुटून पत्र्याच्या आत पडला. नवीन लाइटही बसत नाही, साल चुकलं होतं. संध्याकाळी बदलून आणला.
लेक विचारत होती, "बाबा, झालं का?" म्हटलं, नव्वद टक्के.

१५ मार्च, रविवार
होल्डर काढायला चाक काढावं लागणार, आतलं प्लॅस्टिक उघडावं लागणार. म्हणजे जॅक. आठ तास जॅकचं माहितीपत्रक वाचलं. ही म्हणाली, मेकॅनिकला बोलाव. मी म्हणालो, परक्या माणसाच्या हाती लेकीचा जीव देऊ? तिने माझ्या हातातलं माहितीपत्रक काढून घेतलं. मग म्हणाली, "तुला ती गाडी चालवायची नसेल तर तसं सांग ना." काहीतरीच! मी विषय बदलला.

१७ मार्च, मंगळवार
रजा टाकली. सकाळी चाक काढलं. जॅक करकरला की मी मागे उडी मारत होतो, त्यामुळे वेळ लागला. आतलं प्लॅस्टिकही काढलं. सात क्लिपांपैकी पाच सापडल्या.
दुपारी ४.१०. लेकीच्या पोटात दुखायला लागलं. सात दिवस आधी! ही वरून ओरडली, गाडी काढ. गाडी तीन चाकांवर.
मी चाक उचललं. नट हातातून सुटून नाल्यात गेला. दुसरा नट बसेना. खरंच बसेना. बोटं माझी नव्हतीच जणू. लेक भिंतीला धरून जिना उतरली, मध्येच थांबली, डोळे मिटले, कण्हली. मग मला म्हणाली, "बाबा, घाबरलात का?" मी म्हटलं, छे.
शेजारच्या बाई किल्ली फिरवत आल्या. त्यांची गाडी सत्तावीस वर्षांची. एक हेडलाइट फुटलेला, बाजूचे लाइट त्या मॉडेलला नाहीतच. म्हणाल्या, "बसा गं दोघी." आणि हॉर्न वाजवत गेल्या. मी पाना धरून रस्त्यात उभा. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, मी हेल्मेट काढलेलंच नाही.
७.३५. बसने पोचलो. मुलगी. तीन किलो. दोघी सुखरूप. तिला हातात देत होते. हात ग्रीसचे होते म्हणून घेतली नाही. पुन्हा पुन्हा धुतले. तरी घेतली नाही.

१९ मार्च
मेकॅनिक आला. चाक, होल्डर, नवीन लाइट, सगळं मिळून वीस मिनिटं. मग म्हणाला, "साहेब, जुना बल्ब चांगलाच आहे. होल्डर सैल होता. बाहेरून एक थाप मारली असती तरी लागला असता." मी त्याला हेल्मेटशिवाय काम करू नये, असा सल्ला दिला.

२० मार्च, संध्याकाळी ६
उद्या दहा वाजता दोघींना घरी आणायचं आहे. ही म्हणाली, आता काही निमित्त नाही. निमित्त? कसलं निमित्त?
खाली जाऊन दोन्ही बाजूचे लाइट लावून बघितले. दोन्ही लागतात. सहा वेळा बघितलं.
उजवा डाव्यापेक्षा किंचित मंद आहे.
अशा गाडीत तीन किलोचं माणूस बसवणं मला तरी योग्य वाटत नाही. बाई उद्या सकाळी मोकळ्या आहेत का, विचारून येतो.