सर्वांत सोयीची सरहद्द

सवन्नाखेत, लाओस
गुरुवार, दुपारचे जेवण झाल्यावर

तीर्थरूप मनांग चेदिंग हिच्या सेवेशी,

धाकट्या बोयेतने तुझा हात आपल्या कपाळाला लावला आहे असे समज, थोरल्या बहिणीचा आशीर्वाद आधी दे आणि मगच पुढे वाच. तुझे गुडघे कसे आहेत? आईचा रक्तदाब? भावोजी अजून रोज सकाळी झुंजीच्या कोंबड्याला तुझ्याआधी न्याहारी घालतात का? (घालत असतील तर बोलू नकोस. कोंबडा हरला की आपोआप सुधारतील.) माझी प्रकृती ठणठणीत आहे. इकडच्या चिकट भाताने पोट थोडे पुढे आले आहे, पण ते मास्तराला शोभते असे मास्तरच म्हणतात.

पत्रास कारण की, मी सध्या थायलंडमध्ये नसून नदीच्या अलीकडे लाओसमध्ये आहे, आणि हे सर्व ठरल्याप्रमाणेच झाले आहे. तुला ठाऊक आहेच, कलासिन गावात आम्ही अकरा फिलिपिनो शिक्षक आहोत, आणि ठरावीक काळाने आमची राहण्याची परवानगी संपते. मग देशाबाहेर पडायचे, शेजारच्या देशातल्या थाई वकिलातीत कागद द्यायचे, नवा शिक्का घ्यायचा आणि परत यायचे. बाकीचे दहाजण याला कटकट म्हणतात. मी याला शास्त्र मानतो. सात वर्षांत माझ्या बारा फेऱ्या झाल्या असून एकदाही कागद परत आलेला नाही. कुठली सरहद्द कोणाला सोयीची यावर मी चार पानांचे टिपण लिहिले आहे आणि ते आमच्या बिऱ्हाडातल्या फ्रिजवर चुंबकाने लावलेले असते. पेनांगला जेवण झकास, पण प्रवासातच माणूस निम्मा होतो. कंबोडियाच्या बाजूला नेणारे व्हॅनवाले अशी गाडी हाकतात की परवानगीऐवजी मोक्षच मिळायचा. व्हिएन्तियान सर्वांत उत्तम. आणि सवन्नाखेतबद्दल मी लिहिले होते (चुंबकाखाली अजून आहे) की तिथे शहाण्या माणसाने जाऊ नये, कारण दुपारी बारा वाजता ते गाव झोपते आणि चारपर्यंत कूस बदलत नाही.

यंदा मात्र नीट विचार केल्यावर सवन्नाखेतच सर्वांत सोयीचे आहे असे माझ्या लक्षात आले. पूल जवळ, रांग लहान, पाव ताजा. त्याच आठवड्यात मॅम बेबीही सवन्नाखेतला निघाली होती, हा निव्वळ योगायोग. (टिपणात बदल करायला वेळ झाला नाही.)

मॅम बेबी म्हणजे आमच्या शाळेत तिसरीला गणित शिकवणारी. लिंगायेनची आहे, तीन वर्षे झाली येऊन. शांत बाई आहे, पण हिशेबात चूक दिसली की डोळे बारीक करते. तिला हनोईच्या एका शाळेने बोलावले आहे, महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवतो म्हणालेत. आणि तिने सगळ्यांसमोर सांगून टाकले होते की या खेपेला कागद अडला तर ती देवाची खूण समजायची आणि हनोई गाठायची. मनांग, मी श्रद्धाळू आहे पण असल्या खुणांच्या विरुद्ध आहे. तेव्हा तिचा कागद अडू नये याची जबाबदारी मी स्वतःहून अंगावर घेतली. तिने सांगितले नव्हते. पण कलासिनमध्ये या विषयात माझ्याइतका जाणकार दुसरा नाही, आणि ज्ञान झाकून ठेवू नये असे फादर नेहमी सांगतात.

तिचे कागद मी चार वेळा तपासले. शिक्का आहे का, शिक्का सरळ आहे का, हेडमास्तरांची सही निळ्या शाईची आहे का, फोटोत दोन्ही कान दिसतात का. (एक कान केसांत होता. फोटो पुन्हा काढायला लावला. तिने डोळे बारीक केले.) शाळेचे पत्र आमच्या कारकूनबाई पी नोक यांनी टाइप केले होते. बाई फार मायाळू. त्यांना तिथे सगळे मानाने पी, म्हणजे थोरली, म्हणतात. पत्रात लिहिले होते की आमच्या शाळेतील शिक्षिका बेबी तामोंदोंग यांना आणखी एक वर्ष राहू द्यावे. मी ते चारही वेळा वाचले आणि चारही वेळा मान डोलावली.

निघताना व्हायचे तेच झाले. आपल्या माणसांना कोणी कुठे निघाले असे नुसते कळायचा अवकाश. नऊजणांनी नऊ गोष्टी आणायला सांगितल्या: लाओसची कॉफी, लांब पाव, विणलेले लुंगीचे कापड, आणि एकीने तर फक्त एका जुन्या चर्चमध्ये मेणबत्ती लावायला. नाही कसे म्हणणार? रिकाम्या हाताने परतणारा माणूस आपल्यात आजारी समजतात. बुधवारी सकाळी पूल ओलांडून आठला आम्ही वकिलातीच्या रांगेत उभे होतो, पुढे फक्त सहाजण. मी मॅम बेबीला म्हटलेही की याला म्हणतात नियोजन.

माझे कागद खिडकीत गेले, घेतले, पावती आली. मग तिचे गेले. खिडकीतल्या माणसाने पत्र पाहिले, पासपोर्ट पाहिला, पुन्हा पत्र पाहिले आणि अतिशय सभ्यपणे विचारले की यातली बेबी कोण. ती म्हणाली, मी. मग ही पासपोर्टातली बाई कोण? ती म्हणाली, तीही मीच. त्याचा चेहरा बदलला नाही. तो म्हणाला, "मॅडम, एकतर पत्रातल्या बाईचा पासपोर्ट आणा, नाहीतर पासपोर्टातल्या बाईचं पत्र आणा." मनांग, मी त्याला दोष देत नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो, आणि इतक्या गोडीने म्हणालो नसतो.

चूक कोणाची म्हणशील तर सगळ्यांची, म्हणजे कोणाचीच नाही. आपल्याकडे पन्नाशीच्या आजोबाला बोयेत आणि साठीच्या आजीला बेबी म्हणतात. थाई लोकांचेही तसेच, जन्मल्याबरोबर टोपणनाव आणि खरे नाव कपाटात. पी नोकचे खरे नाव त्यांच्या नवऱ्याला तरी येते का, शंका आहे. तीन वर्षे अख्खी शाळा तिला टीचर बेबी म्हणत होती, त्यात कोणाला काही खटकले नाही. आधीची पत्रे जुन्या कारकुनाने रजिस्टर बघून लिहिली होती. पी नोक यांनी प्रेमाने, आठवणीतून लिहिले.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "सर, चार वेळा वाचलंत ना तुम्ही?" मी म्हटले, हो. "मग माझं नाव काय?" मी म्हटले, बेबी. "असं नाव ठेवायला गेली असती तर फादरनी माझ्या आईला चर्चबाहेर काढलं असतं. तीन वर्षं माझ्या डब्यातलं अदोबो खाताय, सर, कान दिसत नाही म्हणून फोटो परत काढायला लावलात, आणि नाव एकदाही विचारलं नाहीत?" असे म्हणून तिने पासपोर्ट माझ्या मांडीवर ठेवला. एस्कोलास्तिका माकाराएग तामोंदोंग. दहा फेब्रुवारीला जन्मली, आजीने कॅलेंडरात त्या दिवसाची संत पाहिली आणि नाव ठेवून दिले. आपल्या आजीने माझे पोलिकार्पो केले तसेच. मनांग, मी सात वर्षांत लोकांचे शंभरेक अर्ज तपासले असतील. मला त्या बाकावर फार लाज वाटली. (हे वाक्य आईला वाचून दाखवू नकोस.)

पण मी हातपाय गाळणाऱ्यांतला नाही. लगेच पी नोक यांना फोन लावला. त्या आधी रडल्या, मग त्यांनी दहा मिनिटांत नवे पत्र टाइप केले. आता फक्त हेडमास्तरांची सही. आणि आमचे हेडमास्तर सोमवारपासून भिक्खू झाले आहेत. वारलेल्या आईला पुण्य लाभावे म्हणून पंधरा दिवस, डोके-भुवया सगळे साफ करून. पी नोक पत्र घेऊन विहारात गेल्या. बाईमाणसाने भिक्खूच्या हातात काही द्यायचे नसते, म्हणून त्यांनी ते कापडावर ठेवले. हेडमास्तरांनी वाचले आणि म्हणाले की ज्याची सही हवी आहे तो माणूस सध्या नाही. मग पत्राला आशीर्वाद देऊन परत केले. उपहेडमास्तरांची सही वकिलातीत चालत नाही, आणि नुसते पुलावरून जाऊन परत येण्याच्या साध्या फेऱ्या तिच्या या वर्षापुरत्या संपल्या आहेत.

म्हणजे तेरा दिवस. मी आज दुपारी माझा शिक्का घेतला (सुंदर उमटला आहे, अगदी सरळ), आणि तिला म्हटले की तेरा दिवस म्हणजे काहीच नाहीत, सवन्नाखेत हे राहायला अत्यंत सोयीचे गाव आहे. ती म्हणाली, नको, आईला तीन वर्षांत पाहिलेले नाही, घरी जाते. सही झाली की पत्र मनिलाला पाठवा, तिथल्या वकिलातीत देईन. "आणि हनोई?" मी विचारले. ती म्हणाली, "बघू, सर. कोणाला माझी गरज आहे त्यावर आहे." त्यावर मला पुष्कळ बोलायचे होते. मी तिला विमानासाठी व्हिएन्तियानला नेणाऱ्या बसच्या तिन्ही वेळा सांगितल्या.

उद्या सकाळी ती निघेल आणि मी पूल ओलांडून कलासिनला जाईन. नऊजणांच्या पिशव्या तयार आहेत. ती परत येईल याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. माझा अंदाज सरहद्दीच्या बाबतीत कधी चुकलेला नाही. आईला नमस्कार, मुलांना पापे, भावोजींना व त्यांच्या कोंबड्याला यथायोग्य.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
बोयेत

ता. क. हे पत्र मॅम बेबीच आणून देईल. आपले बाताक तिच्या वाटेतच आहे. (लिंगायेनच्या पुढे बसने फक्त सहा तास.) तिला उपाशी पाठवू नकोस. ती वांगी आवडीने खाते, हे मला ठाऊक आहे. आईजवळ थोडा वेळ बसव आणि आईचे काय मत पडते ते पाहा, पण पाहते आहेस असे दाखवू नकोस.

ता. क. दुसरा. मुख्य काम राहिलेच. मी आजवर लग्न केलेले नाही असा सरकारी दाखला मला लवकरात लवकर काढून पाठव. अधिकारपत्र सोबत आहे. दाखल्यावर पूर्ण नाव, पोलिकार्पो, नीट तपासून घे. कशासाठी हवा ते विचारू नकोस, असे कागद घरात असलेले बरे. पाकीट रीतीप्रमाणे उघडेच दिले आहे. ज्याच्या हाती पत्र द्यायचे त्याच्यासमोर ते चिकटवणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास, हे बाबांनीच शिकवले. बेबी वाचणार नाही. ती तसली बाई नव्हे.

ता. क. तिसरा, वेगळ्या अक्षरात. मनांग, नमस्कार. मी तसलीच बाई आहे, बस फार लांबची होती. सरांनी मला यातलं काही विचारलेलं नाही. त्यांचा दाखला तुम्ही काढा, माझा मी लिंगायेनला कालच अर्ज करून आले, पण त्यांना कळवू नका. पत्रात नको, त्यांनी समोर बसून, पूर्ण नाव घेऊन विचारू दे. महिनाअखेरपर्यंत थांबते. आणि बाताक माझ्या वाटेत नाही, हे पाकीट हातात घेतलं तेव्हाच मला माहीत होतं.
एस्कोलास्तिका