दवाखान्यात सांगितलेलं नाव

भाईंदर पूर्व, ऑगस्ट १९९८

चि. रसिकास आशीर्वाद.

सरकारने प्रत्येकाच्या डीएनएची नोंद ठेवावी, असं कौस्तुभ कॉलेजच्या वादविवादात मांडणार आहे. काल जेवताना म्हणाला, "ज्याला लपवायला काही नाही, त्याने कशाला घाबरायचं, आई?" मी त्याला आणखी भात वाढला.

लग्नाआधी तुला दिवस गेले, तेव्हा बाळंतपणाला दवाखान्यात तुझं नाव म्हणून मी माझंच सांगितलं. कागदावर तो माझा झाला. एकोणीस वर्षं कागद निभावला. पण रक्ताला खोटं नाव कसं सांगायचं गं?

रक्त बोलण्याआधी आपणच सांगूया का त्याला?

माझी पत्रं टपालपेटीत तोच टाकतो. दर वेळी विचारतो, "मावशीला माझा नमस्कार लिहिलास ना?"

लिहिलाय. हे पत्र मात्र त्याच्या हाती न देता पिठाच्या डब्याखाली ठेवतेय.

तुझी ताई