फणसाच्या बाजूला गेलेला चौका

बाई, ऐकून तुम्ही आधी हसाल आणि मग कान पिरगाळाल, पण सांगूनच टाकतो. मी पत्रकार झालोय. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होतो, त्यामुळे दहावीला मराठीत मी कसा काठावर सुटलो ते तुम्हाला बघायला लागलं नाही, तेवढं बरं झालं. आता मस्कतमध्ये असतो. आठवडाभर गाला भागात गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर उभा, आणि शुक्रवारी सकाळी आपल्या लोकांच्या क्रिकेट मॅचचा रिपोर्ट लिहितो. इथल्या मराठी माणसांचं मोबाईलवर एक पान आहे, त्यावर तो येतो. दुकानाचा मालक, आम्ही त्याला अर्बाब म्हणतो, मला हाका मारतो तो ‘सहाफी’ म्हणून. म्हणजे त्यांच्या भाषेत पत्रकार. हाक मारताना हसतो, पण मारतो.

मैदान म्हणजे काय, नुसती खडी. गवताचं पातं नाही. मधे सिमेंटची पट्टी, मागे भाजलेल्या विटेसारखे डोंगर. ऊन तापायच्या आत मॅच संपवायची म्हणून उजाडता उजाडता रुसैलच्या फॅक्टऱ्यांमधून कंपनीच्या बसेस येतात. बसचा ड्रायव्हर केरळचा, तोच अंपायर. कोणी त्याच्याशी भांडत नाही, कारण परत न्यायचं त्याच्याच हातात आहे. रात्री फ्रीजरमध्ये टाकलेल्या बाटल्या पहिल्या इनिंगपर्यंत दगड असतात, दुसरीत चहा. आणि माझ्या रिपोर्टचा एकच नियम आहे, अकराच्या अकरा नावं आली पाहिजेत. ज्याने काहीच केलं नाही त्याचंपण लिहायचं, ‘यांनी बाउंड्रीवर उन्हाशी झुंज दिली.’ कारण तो रिपोर्ट तासाभरात रत्नागिरीला, रायगडला, कुठल्या कुठल्या वाडीत पोचतो आणि चुलीपाशी मोठ्याने वाचला जातो.

हे सगळं तुमच्यामुळे, म्हणजे बिबट्यामुळे. आठवतंय ना? दर शनिवारी ‘काल काय बघितलं’ यावर तुम्ही पाच ओळी लिहायला लावायचात. मी लिहिलं, काजूच्या बागेत बिबट्या बघितला. अर्धा गाव काठ्या घेऊन बागेत. तुम्ही मारलं नाहीत. मला बागेत उभं केलंत आणि विचारलंत, “शेपूट कुठल्या बाजूला होतं?” मी म्हटलं, डावीकडे. “आणि तोंड?” मी म्हटलं, तेपण डावीकडे. तुम्ही पदर तोंडाला लावलात. मग शिक्षा काय दिलीत, तर गावच्या मॅचला तुमच्या शेजारी बसायचं. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू, लांबचं सगळं धुकं. तुम्ही शाळेच्या पायरीवर बसता, छत्री मांडीवर, आणि विचारता, “काय झालं रे?” मी सांगतो. “दिसलं तेवढंच सांग. बाकीचं मी बघते.” तेवढंच सांगायला किती जीव जातो ते मला त्या पायरीवर कळलं.

आता माझा गुन्हा ऐका. मागे एका शुक्रवारी अर्बाब म्हणाला, “यल्ला, खाबुऱ्याला गिअरबॉक्स पोचवायचाय.” मॅच बुडाली. येताना बसच्या ड्रायव्हरला फोन करून स्कोअर घेतला आणि बाकीचं गाडीत बसून मनानेच रचलं. नावं नेहमीचीच अकरा घातली. रुसैलच्या टीमच्या कीपरला एक कॅच देऊन टाकला, ‘घारीसारखी झेप घेऊन.’ घार मला फार आवडली होती.

सोमवारी कीपरचा फोन. म्हटलं, आता शिव्या. पण पठ्ठ्या हळू आवाजात बोलत होता. “भावा, मी शुक्रवारी खाटेवर होतो. मंगळवारी मशीनमध्ये उजव्या हाताची दोन बोटं सापडली. घरी सांगितलेलं नाही.”

मी समोरच्या गिऱ्हाईकाला हातानेच थांब म्हटलं.

“आईने मेसेज पाठवलाय. ऐक.” आणि त्याने तो मला ऐकवला. म्हातारी हसत होती, “बाळा, घारीसारखा उडालास म्हणे! सगळ्या वाडीला वाचून दाखवायला लावलं मी. हाताला लागत नाही ना रे तो बॉल?”

“डॉक्टर काय म्हणतो?” मी विचारलं.

“एक गेलं. दुसऱ्याचं इन्शाल्ला. तू फक्त दर शुक्रवारी मला खेळव. मैदानावर नाही, तुझ्या त्या रिपोर्टात.”

“किती शुक्रवार?”

“मी घरी जाईपर्यंत. वर्षभर.”

बाई, मला ते सहज जमलं असतं. वर्षभर त्याला नुसता उडवत ठेवला असता. पण काउंटरवर उभ्या उभ्या मला तुमची छत्री दिसायला लागली. आज ना उद्या म्हातारी विचारणार, कुठल्या हाताने पकडलास? मी म्हटलं, “तू मैदानावर ये. नुसता बस. जे दिसेल ते लिहितो.”

“मोठा आला पत्रकार!” म्हणाला आणि फोन कापला.

शुक्रवारी बसमधून सगळ्यात शेवटी उतरला. हातावर बँडेज, धूळ लागू नये म्हणून वर प्लास्टिकची पिशवी. माझ्याकडे बघितलंच नाही. बाभळीसारखं एक झाड आहे तिथे, त्याच्या जेमतेम सावलीत बसला. दोन ओव्हर झाल्या. मग नव्या कीपरच्या पायांतून बॉल गेला आणि हा उठलाच, “अरे वाक की! कमरेत काय सळी घातलीय?” मग काय, शेवटपर्यंत उभाच. अंपायर म्हणाला, “खलास, तुम इधर आके अंपायर बनो.”

मी तिथेच बसून लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं. ‘हाताला दुखापत असल्यामुळे आपला कीपर आज बाहेर होता. तरी मैदानावर सगळ्यात मोठा आवाज त्याचाच.’ विचारलं, “टाकू?”

तो पिशवीची गाठ सोडत बांधत राहिला. “थांब. आधी मी सांगतो.” एका डाव्या हाताने फोन धरून नंबर लावता येईना म्हणून मांडीवर ठेवून स्पीकरवर लावला. “आये, मी बोलतोय. तो कॅच मी नाही पकडला.”

सगळं सांगितलं त्याने. पलीकडे नुसता कोंबड्यांचा आवाज. मग म्हातारी म्हणाली, “किती बोटं?”

“दोन. एक राहील बहुतेक.”

“जेवतोस कसा?”

“चमच्याने.”

“चमच्याने भात कालवता येतो होय? कालवून कोण देतं?”

तो माझ्याकडे बघायला लागला. डोळे भरलेले, आणि मला खुणेनेच म्हणे, बोल काहीतरी. मी ओरडलो, “मी देतो काकी! रोज!”

एकदासुद्धा दिला नव्हता. पण आता बोलून बसलो होतो. तेव्हापासून रोजचं जमत नाही, शुक्रवारी मॅच संपली की त्यांच्या खोलीवर जातो आणि डाळभात कालवून देतो. तो म्हणतो, “मीठ कमी आहे, पत्रकार.” म्हातारी फोनवर विचारते, लिंबू पिळलंस का. मी पिळतो.

हे पत्र पाठवायचं म्हटलं तरी पाठवू कुठे? तुम्ही गेलात तिथे टपाल जात नाही. तुमच्या मुलाचा नंबर आहे माझ्याकडे, पुण्यात असतो. त्याला नाही पाठवणार. त्याच्या त्या मॅचचं तुम्हाला आठवत असेल. तो पहिल्यांदाच गावच्या टीमकडून खेळत होता. तुम्ही माझा दंड घट्ट धरून विचारलंत, “काय झालं रे?” मी म्हटलं, चौका. “कुठल्या बाजूला?” मी म्हटलं, फणसाच्या बाजूला. तुम्ही तिकडे मान वळवून बराच वेळ बघत बसलात. संध्याकाळी घरी घावणे केलेत, मलापण बोलावलंत. तो मान खाली घालून खात होता आणि मीपण.

बाई, तो पहिल्याच बॉलला बोल्ड झाला होता. मधला स्टंप. मला अगदी स्पष्ट दिसला होता.