कॅलेंडरवरच्या फुल्या

चिमे,

सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशात शिकून तू घरी परतलीस, तेव्हा मी शेजारीपाजारी मिरवलं, "पोरीला आईशिवाय करमेना!" रोज सकाळी मला बीपीची गोळी देऊन तू कॅलेंडरवर फुली मारायचीस. मला वाटायचं, माझी गोळी चुकू नये म्हणून.

काल तुझी बॅग भरताना शिष्यवृत्तीचं करारपत्र हाती लागलं. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायचं, मगच पुन्हा तिकडे नोकरी. ती दोन वर्षं आज भरली. सकाळी शेवटची फुली मारून तू निघालीस.

तुझं काही चुकलं नाही गं, वेडी मीच. हे पत्र पाठवणार नाही, तिथं एकटी रडत बसशील. फोनवर "गोळी घेतलीस का?" विचारशील, तेव्हा हो म्हणेन.

कॅलेंडर मात्र उतरवून ठेवलंय.

तुझीच,
आई