तोरण नसलेलं दार

२ ऑक्टोबर, दसरा
चाकूरला येऊन चार दिवस झाले. बदलीचं लई टेन्शन घेतलं होतं, पण गाव झकास निघालं. सुकन्याला सातवा महिना, म्हणून शाळेजवळच घर घेतलं. घरमालक रेवणसिद्ध अप्पा बोलके. सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून सगळी गल्ली पालथी घातली. दारोदारी झेंडूची तोरणं, ओट्यांवर वाळत घातलेलं सोयाबीन. चाळीसेक फोटो काढले. संध्याकाळी माणसं सोनं द्यायला आली, मास्तर मास्तर करून राहिली. बरं वाटलं.

३ ऑक्टोबर
डोकंच फिरलं. शेजारच्या सिद्रामप्पांच्या दाराचा फोटो सगळ्यात भारी आलाय आणि त्यात तोरणच नाही. चौकट आहे, खिळे आहेत, तोरण गायब. काल त्याच तोरणाखाली उभा राहून मी चहा प्यालो. कार्ड बिघडलं असणार. जाऊन पुन्हा काढला, पुन्हा तेच.

४ ऑक्टोबर
माझ्यासारखा गाढव मीच. तो फोटो सिद्रामप्पांच्या बायकोला, जगदेवीकाकूंना दाखवला. ज्या घरात कुणी वारलेलं असतं त्याच घराला सणाचं तोरण नसतं, हे मला काय माहीत नाही? पण माझ्या डोक्यात नुसतं कार्ड. त्या एवढंच म्हणाल्या, "मास्तर, आमचं घर भरलेलं हाय. असलं अभद्र दावू नका." आणि दार लावून घेतलं. सुकन्याही चिडली. आल्या आल्या शेजार तोडला म्हणे.

५ ऑक्टोबर
सगळा रविवार लातूरला घालवून नवं कार्ड आणलं. दुकानदार म्हणाला कॅमेऱ्यात काहीच खोट नाही. वैताग नुसता. परतलो तर गल्लीत गर्दी. सिद्रामप्पा दुपारी जेवताजेवता गेले. त्यांना लिंगायत रीतीनं ओट्यावर बसतं केलं होतं. तोरण कुणीतरी काढून टाकलं होतं. काकूंनी माझ्याकडं पाहिलं, मी मान खाली घातली.

८ ऑक्टोबर
नव्या कार्डावर सगळी गल्ली पुन्हा काढली. आता गिरणीवाल्या रामलिंगचं दार बोडकं. माणूस धडधाकट, तोंडावर पीठ, मला बघून हसला. सांगू कुणाला? आणि काय सांगू?

१० ऑक्टोबर
रामलिंग गेला. सकाळी, घरातच, अंघोळ करून उठताना. मला कुणी काही विचारलं नाही, पण गल्लीत कुणी बोलतही नाही.

१२ ऑक्टोबर
आपल्याच दाराचा फोटो अजून काढला नव्हता. आज काढला.
तोरण नाही.
सुकन्यानं स्वतः ओवलेलं. समोर लटकतंय, हात लावून पाहिला. फोटोत नाही. आठ वेळा काढला.

१३ ऑक्टोबर
तिला माहेरी भोकरला जा म्हणालो, आजच. ती म्हणाली दिवाळीनंतर जायचं ठरलंय. कारण सांगता येईना, मग ओरडलो. तिनं विचारलं, "तुम्हाला मी नकोशी झाले का?" मनात एकच, या घरातून ती आणि बाळ बाहेर पडू दे.

१४ ऑक्टोबर
सकाळी नांदेडच्या बसमध्ये बसवून दिलं, तिथून पुढं भोकर. रडत गेली. मी रजा टाकली. घरी येऊन फोटो काढला. तोरण नाहीच. देवाशपथ, आनंद झाला. घरात आता मी एकटा, म्हणजे मीच. ती सुटली. बाळ सुटलं.

दुपारी
मी गाढव — लग्न झालेली बाई माहेरी गेली तरी सुतक सासरच्या दाराला. तोरण उतरतं ते इथलंच. मग फोटोत ती आहे का मी —

बस बाराला नांदेडात पोचायची. दोन वाजून गेले. फोन लावून राहिलो, लावून राहिलो — लागतच नाही.

अप्पा घाईनं येऊन राहिले. कानाला फोन. माझा गुंतलेला म्हणून कुणीतरी त्यांना —

ओट्यावर चढले. वर तोरणाकडं हात